‘श्रवण तपासले, सामान्य’ : एका पैदास केंद्राच्या सेवेचे परीक्षण

कामाच्या वंशावळीतील बॉर्डर कॉली पिल्ले विकणाऱ्या एका पैदास केंद्राकडून मेंढ्या वळण्याच्या कामासाठी घेतलेले पिल्लू दोन्ही कानांनी जन्मतः बहिरे असल्याचे खरेदीनंतर निष्पन्न झाले. त्या केंद्राच्या सेवेविषयी, आणि नंतर जिथे श्रवणचाचणी करून घेतली त्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवेविषयी हे परीक्षण आहे. भरपाईचे बोलणे अजून मिटलेले नसल्यामुळे केंद्राचे नाव देण्याचे मी टाळले आहे. तसेही ज्या उणिवेविषयी लिहायचे आहे ती एकट्या या केंद्राची नाही. कामाची कुत्री विकणाऱ्या पुष्कळ पैदासकारांकडे ती थोड्याफार फरकाने आढळते, त्यामुळे नाव नसल्याने वाचकाचे फारसे अडणार नाही.

केंद्राच्या चांगल्या बाजू नाकारण्याचे कारण नाही. पिल्लांचे आईवडील दोघेही प्रत्यक्ष कळपावर काम करणारे आहेत आणि खरेदीपूर्वी त्यांचे काम पाहू दिले जाते. पिल्ले बंद खोलीत न वाढवता गोठ्याच्या आवारात, माणसांच्या आणि जनावरांच्या वावरात वाढवली जातात, त्यामुळे ती बुजरी नसतात. जागा स्वच्छ आहे, लसीकरण आणि जंतनिर्मूलन वेळेवर झालेले असते, मायक्रोचिपची नोंद बिनचूक आहे. कागदपत्रांची फाईल तर पाहून समाधान वाटावे अशी होती: कॉली जातींत आढळणाऱ्या डोळ्यांच्या आनुवंशिक दोषासाठी दोन्ही पालकांची डीएनए चाचणी, ट्रॅप्ड न्यूट्रोफिल सिंड्रोम या रक्ताशी संबंधित आजाराची चाचणी, खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे, आणि या प्रत्येक कागदावर प्रयोगशाळेचे नाव, तारीख व सही. त्याच फाईलमध्ये पिल्लाच्या आरोग्यपत्रकावर एक ओळ होती: ‘श्रवण : तपासले, सामान्य’. कोणी तपासले, कधी, कोणत्या पद्धतीने, याचा उल्लेख त्या ओळीत नव्हता. डोळ्यांसाठी, रक्तासाठी आणि सांध्यांसाठी इतकी काटेकोर असणारी संस्था कानांच्या बाबतीत एका शब्दावर का थांबते, या प्रश्नाभोवतीच माझी सगळी तक्रार आहे.

बहिरे पिल्लू बहिरे दिसत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. आमचे पिल्लू तल्लख होते, जेवणाच्या वेळी सर्वांच्या आधी हजर असे, दार उघडले की धावत येई. दार उघडल्याने हवेचा झोत येतो, जमिनीला किंचित हादरा बसतो, उजेड बदलतो, आणि या तिन्ही गोष्टी त्याला पुरेशा होत्या. संशय आला तो झोपेत. पत्र्याचे घमेले हातातून सुटून फरशीवर आदळले, घरातली म्हातारी कुत्री ताडकन उठली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर पहुडलेल्या पिल्लाचा कानसुद्धा हलला नाही. कुत्री त्याला ओलांडून गेली तेव्हा तिच्या पायाचा धक्का लागून ते जागे झाले आणि मग इकडेतिकडे पाहू लागले. त्यानंतर बाकीच्या गोष्टींचा अर्थ लागत गेला. खेळताना ते दुसऱ्या कुत्र्याला वाजवीपेक्षा जोरात चावे, कारण समोरचा कळवळून ओरडला तरी ते ओरडणे त्याच्यापर्यंत पोचतच नसे. नावाने हाक मारल्यावर ते कधी येई, कधी येत नसे. नीट लक्ष दिल्यावर दिसले की आमचा चेहरा त्याला दिसत असेल किंवा दुसरी कुत्री धावत असेल तेव्हाच ते येते. केंद्रात भावंडांच्या घोळक्यात असताना तर हे ओळखू येणे जवळपास अशक्यच होते, कारण एकाने मान वळवली की सगळी वळवतात.

नेहमीच्या पशुवैद्यांनी कानात मळ, संसर्ग किंवा पडद्याला इजा नसल्याची खात्री करून घेतली आणि घरी भांडी वाजवण्यात वेळ न दवडता बीएईआर चाचणी करून घ्या असे सांगितले. कानावर आवाज पडल्यानंतर श्रवणतंतू आणि मेंदूचा तळभाग यांच्यात जे सूक्ष्म विद्युत्संदेश उमटतात ते टिपणारी ही चाचणी कुत्र्यांच्या बहिरेपणासाठी जगभर प्रमाण मानली जाते, आणि तिचे सर्वांत मोठे बळ हे की ती प्रत्येक कान स्वतंत्रपणे तपासते.

ज्या दवाखान्यात ही चाचणी झाली त्याची सेवा उत्तम होती. पिल्लाला गुंगीचे औषध द्यावे लागले नाही. डोक्याच्या माथ्यावर, दोन्ही कानांच्या पुढे आणि मानेच्या मागे केसासारख्या बारीक सुया कातडीच्या लगेच खाली बसवल्या. पिल्लाने एकदा मान झटकली, एवढाच त्याचा निषेध. मग एका कानात फोमचा छोटा बोळा बसवून त्यातून टक्-टक् असे अगदी लहान आवाज सलग शेकडो वेळा सोडले, आणि तो आवाज हाडांतून दुसऱ्या कानापर्यंत जाऊन निष्कर्ष बिघडू नये म्हणून दुसऱ्या कानात एकसुरी खरखर चालू ठेवली. आमच्या आधीच्या कुत्र्याचा आलेख तंत्रज्ञांनी नाव झाकून तुलनेसाठी दाखवला. आवाजानंतर एक सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत त्यावर चारपाच ठसठशीत शिखरे उमटली होती. आमच्या पिल्लाच्या डाव्या कानाची रेषा सपाट आली. आवाजाची पातळी वाढवली, तरी सपाटच. उजव्या कानाचेही तेच. सगळे मिळून पाव तासाचे काम. अहवाल दोन्ही आलेखांसह तिथल्या तिथे हातात मिळाला. जन्मजात बहिरेपणासाठी हा निकाल कायमचा असतो, तो पुढे सुधारत नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. माझी एकच कुरकुर आहे: अहवालाची भाषा पूर्णपणे तज्ज्ञांसाठी लिहिलेली आहे, आणि विक्रेत्याला तो कागद पाठवताना त्यातील निष्कर्ष मला वेगळ्या पत्रात उलगडून लिहावा लागला. पाचपैकी चार गुण.

आता कारण. कुत्र्यांतील जन्मजात बहिरेपणा बहुतांशी रंगाशी जोडलेला असतो. आतल्या कानातील शंखाकृती नलिकेच्या भिंतीवर रक्तवाहिन्यांचा एक पट्टा असतो आणि त्यात त्वचेला व केसांना रंग देणाऱ्या पेशींचीच भावंडे असलेल्या रंगद्रव्य पेशी असतात. कानातील द्रवातले पोटॅशियमचे प्रमाण राखण्यासाठी त्या लागतात. अंगावर पांढरा रंग आणणारी जनुके कधीकधी या पेशींना आतल्या कानापर्यंत पोचू देत नाहीत. मग तो पट्टा जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झिजतो आणि ध्वनी टिपणाऱ्या पेशी मरतात. पिल्लाचे कान मुळात उघडतातच दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे ऐकू येऊ लागते न लागते तोच ते संपते, आणि पाचव्या आठवड्यापासून पुढे चाचणी करून याचा पक्का निकाल लावता येतो. पिल्ले साधारण आठव्या आठवड्याच्या आसपास विकली जातात. तेव्हा विक्रेत्याच्या हाती या तपासणीसाठी पुरेसा अवधी असतो, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

ब्रिटनमधील 2597 बॉर्डर कॉली कुत्र्यांच्या चाचण्यांवर आधारलेला, 2006 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या जातीसाठी महत्त्वाचा आहे. त्यात 2.8 टक्के कुत्री जन्मतः बहिरी आढळली: 2.3 टक्के एका कानाने आणि 0.5 टक्के दोन्ही कानांनी. डोक्यावर जास्त पांढरा रंग, निळे डोळे आणि मर्ल हा ठिपकेदार रंग यांचा बहिरेपणाशी संबंध त्यात दिसून आला. शिवाय आई बहिरी असल्यास पिल्लांतील प्रमाण वाढलेले आढळले. आमच्या पिल्लाचे डोके जवळजवळ अर्धे पांढरे आहे आणि एक डोळा निळा आहे. याचा अर्थ असे प्रत्येक पिल्लू बहिरे असते असा मुळीच नाही, बहुसंख्य पिल्लांना उत्तम ऐकू येते. पण ज्या पैदासकाराने रंगाच्या वर्णनात ‘आकर्षक निळा डोळा’ असे शब्द जाहिरातीत वापरले, त्याला त्या डोळ्यासोबत येणारी जोखीम ठाऊक असायला हवी, अशी अपेक्षा करणे गैर नाही. डालमेशियन जातीत बहिरेपणाचे प्रमाण याच्या कितीतरी पट असल्यामुळे त्या जातीच्या पैदासकारांत ही चाचणी सरावाची झाली आहे. बॉर्डर कॉलीत आकडा लहान आहे म्हणून ती टाळली जाते.

केंद्राच्या मालकांना अहवाल पाठवला तेव्हा त्यांनी कानावर हात ठेवले नाहीत, त्याच दिवशी फोन केला, ही त्यांच्या बाजूची गोष्ट. “आम्ही प्रत्येक पिल्लाच्या मागे उभे राहून टाळी वाजवतो. तुमचे पिल्लूही दचकले होते, म्हणून तसे लिहिले,” असे ते म्हणाले. मी विचारले की पिल्लू तेव्हा एकटे होते का, आणि टाळी वाजवणाऱ्याची सावली त्याच्या पुढ्यात पडत नव्हती ना. त्यावर त्यांचे उत्तर आले, “इतकी वर्षे आम्ही याच पद्धतीने तपासतो आहोत, एकही बहिरे पिल्लू निघाले नाही.”

हे वाक्य त्यांनी प्रामाणिकपणे उच्चारले याविषयी मला शंका नाही, आणि म्हणूनच त्याचा विचार व्हायला हवा. वर दिलेल्या आकड्यांनुसार दोन्ही कानांनी बहिरे असे पिल्लू दोनशेत एखादे. पण एका कानाने बहिरे त्याच्या चौपटीहून अधिक. टाळी वाजवल्यावर एका कानाने ऐकणारे पिल्लू दचकते, आणि अगदी व्यवस्थित दचकते. ते नापास होणे शक्यच नाही. एका कानाने बहिऱ्या कुत्र्याला आवाज ऐकू येतो, पण तो कोणत्या दिशेने आला हे नीट कळत नाही. घरात पाळायचे असेल तर याने काही अडत नाही. मालकाच्या लक्षातही येत नाही. कळपावर मात्र माणूस टेकाडाच्या एका अंगाला आणि कुत्रा दुसऱ्या अंगाला असतो, शीळ येते, कुत्रा थबकतो, भलतीकडे पाहतो, आणि क्षणभराने मेंढ्या फुटतात. अशा कुत्र्याला कोणी बहिरे म्हणत नाही. त्याला हट्टी म्हणतात, डोक्याने मंद म्हणतात, शिकवणारा कच्चा आहे असे म्हणतात, आणि प्रकरण तिथे संपते. तेव्हा ‘एकही बहिरे पिल्लू निघाले नाही’ याचा खरा अर्थ ‘आमच्या पद्धतीने जे सापडूच शकत नाही ते आम्हाला सापडले नाही’ एवढाच होतो. आमचे पिल्लू दोन्ही कानांनी बहिरे असल्यामुळे ते किमान उघड तरी झाले. एका कानाचे असते तर मी दोन वर्षे त्याच्या मागे शीळ घालत राहिलो असतो आणि केंद्राला पाच गुण देऊन मोकळा झालो असतो.

विक्रीकराराकडे वळतो. करारात ‘जन्मजात दोष’ या शीर्षकाखाली हृदय, डोळे, खुबे आणि हर्निया यांचा उल्लेख आहे, कानांचा नाही. मालकांनी तांत्रिक मुद्दा पुढे न करता बहिरेपणा जन्मजात दोषात मोडतो हे मान्य केले, हे त्यांचे सौजन्य. पण उपाय एकच देऊ केला: पिल्लू परत करा, पुढच्या वेतातील दुसरे घ्या. परत केलेल्या पिल्लाचे काय होणार, या प्रश्नाला “बघू, कुठेतरी सोय करू” यापलीकडे उत्तर मिळाले नाही. पिल्लू ठेवून घेतले तर किंमतीचा काही भाग परत मिळेल का, चाचणीचा खर्च तरी कोण सोसणार, यावर करार गप्प आहे आणि मालक वेळ मारून नेत आहेत. जिवंत प्राण्याच्या विक्रीत ‘वस्तू परत, वस्तू बदलून’ हा नियम पुरत नाही, कारण बहुतेक घरांत दोष कळेपर्यंत पिल्लाला लळा लागलेला असतो आणि खरेदीदार ते परत करणार नाही हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते. कराराची अशी रचना त्याच्या पथ्यावर पडते.

पिल्लू आम्ही ठेवले आहे. हातांच्या खुणा ते झपाट्याने शिकले. बसणे, थांबणे, जवळ येणे यांत ऐकणाऱ्या पिल्लापेक्षा ते तसूभरही मागे नाही, उलट नजर सतत माणसावर असल्यामुळे काही बाबतींत पुढेच आहे. झोपेतून उठवताना आधी अंथरुणाशेजारी जमिनीवर हात ठेवायचा आणि मग खांद्याला हलका स्पर्श करायचा, हा घरातल्या सर्वांनी पाळलेला नियम आहे. बहिरी कुत्री आक्रमक असतात हा समज पसरलेला आहे, त्याला मला तरी या पिल्लात काही आधार दिसला नाही. दचकलेले कुत्रे आणि आक्रमक कुत्रे यांत गल्लत केली जाते. मोकळ्या जागी लांब दोरीशिवाय त्याला सोडत नाही, कारण मागून येणारे वाहन त्याला कळणार नाही. नुसती थरथर देणारा पट्टा ‘माझ्याकडे बघ’ या खुणेसाठी उपयोगी पडतो. विजेचा झटका देणारा पट्टा हा वेगळा प्रकार असून त्याचे येथे काही काम नाही.

पण ज्या कामासाठी ते घेतले होते ते काम त्याच्याकडून पूर्णपणे होणार नाही, हे मान्य केले पाहिजे, आणि ‘प्रेमाने सगळे जमते’ छापाच्या सल्ल्यांचा येथे उपयोग नाही. बॉर्डर कॉलीची वंशावळ तयार झाली ती माणसापासून शेकडो मीटर दूर जाऊन, कळपामागून वळसा घालून, शिळेच्या सुरावर डावे-उजवे करणारा कुत्रा मिळावा म्हणून. मेंढ्यांवर नजर रोखलेला कुत्रा मागे वळून माणसाच्या हाताकडे पाहत नाही. पाहू लागला तर मेंढ्यांवरची पकड सुटते. हातांच्या खुणा वाड्याच्या आत, फाटकाजवळ, मेंढ्या एका कप्प्यातून दुसऱ्यात घालताना चालतील. डोंगरउतारावर चालणार नाहीत. तिथे तो कुत्रा स्वतःला आणि कळपाला दोघांनाही धोक्यात घालील. ज्या किमतीला ते पिल्लू विकले गेले ती किंमत डोंगरउतारावरच्या कामाची होती, शोभेच्या निळ्या डोळ्याची नव्हे.

ज्यांना याच किंवा अशा प्रकारच्या केंद्राकडून पिल्लू घ्यायचे आहे त्यांनी ‘तपासले’ हा शब्द वाचून पुढे जाऊ नये. प्रत्येक कानाचा स्वतंत्र आलेख असलेला, पिल्लाच्या मायक्रोचिपचा क्रमांक छापलेला बीएईआर अहवाल मागावा आणि आईवडिलांचेही अहवाल पाहावेत, कारण एका कानाने बहिरा असलेला नर किंवा मादी पैदाशीत वापरली जाऊ नये ही अपेक्षा केवळ पिल्लाच्या अहवालाने पूर्ण होत नाही. मर्ल रंगाच्या दोन कुत्र्यांचे वेत असेल तर तिथून सरळ निघून यावे. त्या जोडीच्या पिल्लांपैकी सरासरी चौथा हिस्सा दोन्हीकडून मर्ल जनुक घेऊन जन्मतो आणि अशा पिल्लांत बहिरेपणाचे व डोळ्यांच्या दोषांचे प्रमाण फार वाढते. मात्र पिल्लाचा चांगला अहवाल जन्मभराची हमी देत नाही, हेही समजून घ्यावे: बॉर्डर कॉलीत ऐन कामाच्या वयात सुरू होणारा आनुवंशिक बहिरेपणाही आढळतो, आणि तो पिल्लाच्या चाचणीत दिसत नाही. पिल्लाच्या श्रवणचाचणीतून विक्रेत्याला तो कळू शकत नाही, म्हणून त्या चाचणीच्या आधारे त्याला दोष देणे योग्य ठरणार नाही. जे पाव तासात तपासता येते, ते न तपासता ‘सामान्य’ लिहिणे हे मात्र त्याच्या हातचे होते.

पैदास केंद्राला मी पाचपैकी दोन गुण देतो, आणि तेही जागा, पिल्लांचे संगोपन आणि बाकीच्या चोख चाचण्यांसाठी. याच वेताची इतर पिल्ले निरनिराळ्या मेंढपाळांकडे गेली आहेत. त्या खरेदीदारांना कळवा, पिल्लांची चाचणी करून घ्यायला सांगा आणि तिचा खर्च तुम्ही उचला, अशी लेखी विनंती मी केंद्राला केली आहे. त्यासोबत आईची चाचणी पुढच्या मिलनाआधी व्हावी असेही सुचवले आहे. पहिल्या मागणीवर मालकांनी विचार करून सांगतो असे कळवले. दुसरीवर त्यांचे म्हणणे असे की मादी शिळेवर उत्तम काम करते, तेव्हा तिच्या चाचणीची गरज नाही.